चौदा कोटींच्या वरचं सोनं

रघुवंशाच्या पाचव्या सर्गात एक विचित्र भांडण आहे. कौत्स नावाचा विद्यार्थी रघुराजाकडे पैसे मागायला येतो. तो वरतंतू ऋषींचा शिष्य. शिक्षण संपल्यावर ‘दक्षिणा काय देऊ’ म्हणून त्यानं विचारलं, तर गुरू म्हणाले, इतकी वर्षं मनापासून सेवा केलीस, तेवढं पुरे. कौत्स ऐकेना. फारच मागे लागला तेव्हा गुरू वैतागले आणि म्हणाले, चौदा विद्या शिकलास ना, मग आण चौदा कोटी. इकडे रघूनं नुकताच विश्वजित यज्ञ करून होतं नव्हतं ते सगळं वाटून टाकलंय. पाहुण्याला अर्घ्य द्यायला त्याच्याकडे मातीचं भांडं उरलंय. ते भांडं बघूनच कौत्स काय ते समजतो आणि परत निघतो. रघू त्याला थांबवतो, दोन-तीन दिवस मागून घेतो, कुबेरावर स्वारी करायचं ठरवून रात्री रथातच झोपतो. सकाळी कोषागाराचे रखवालदार सांगत येतात, आत सोन्याचा पाऊस पडलाय.

इथून भांडण सुरू होतं. रघू म्हणतो, सगळं ने. कौत्स म्हणतो, गुरूंना द्यायचे त्याच्या वर मला एक नाणं नको. देणारा मागितल्यापेक्षा जास्त द्यायला बसलाय आणि घेणारा लागतं त्यापेक्षा जास्त घ्यायला तयार नाही. साकेतचे लोक दोघांचंही कौतुक करतात. मग उंट आणि घोड्या सोनं वाहून नेतात, कौत्स राजाला पुत्रप्राप्तीचा आशीर्वाद देतो आणि कथा पुढे अजाकडे जाते.

जास्तीच्या सोन्याचा निकाल काय लागला, हे कालिदास सांगत नाही.

दहावीला संस्कृत ‘स्कोअरिंग’ म्हणून घेतलेल्या पोरांपैकी मी एक. तेव्हा या गोष्टीतून मला फक्त समास आठवत होते. आता दरवर्षी दिवाळीच्या आधी ऑफिसात हॅम्परची चर्चा सुरू झाली की मला कोषागारातला तो ढीग आठवतो. कारण ‘सस्टेनेबल गिफ्टिंग’बद्दल मी आजवर जे काही वाचलंय, त्यात हा एक प्रश्न सोडून बाकी सगळं असतं: घेणाऱ्यानं मागितलेलं नाही आणि देणाऱ्याला परत न्यायचं नाही, अशी जी वस्तू मधे उरते, ती कुणाची?

आपल्याकडच्या लोककथेनं मात्र हा प्रश्न सोडलेला नाही. दसऱ्याला आजी सांगते त्या गोष्टीत सोनं कोषागारात पडत नाही, गावाबाहेर आपट्याच्या झाडावर पडतं. कौत्स आपलं मोजून नेतो, राजा उरलेलं घेत नाही, मग लोक ते लुटतात. म्हणून आपण आपट्याची पानं सोनं म्हणून वाटतो. कालिदासानं मोकळी सोडलेली जागा कुणी अनामिक माणसानं भरली आणि माझ्या मते फार हुशारीनं भरली. सोनं झाडाला लागलं की ते कुणाचंच राहत नाही आणि त्याचं पान झालं की ते उरलं तरी चालतं. लहानानं मोठ्याला द्यायचं, पाया पडायचं, ‘सोन्यासारखे राहा’ म्हणायचं. पान आहे हे दोघांनाही ठाऊक असतं. दुसऱ्या दिवशी ते तुळशीच्या कुंडीत गेलं तर कुणाचा अपमान होत नाही. भेटवस्तूचं यापेक्षा चांगलं डिझाइन मी पाहिलेलं नाही.

पण डिझाइन चांगलं असलं तरी स्केलला काय होतं, हे आमच्या धंद्यात रोज दिसतं. गावाबाहेर दोन-चार झाडं आणि गावात दोनशे घरं असताना बसवलेली ही रीत. आता दसऱ्याच्या आदल्या दिवशी शहरातल्या चौकाचौकांत फांद्यांचे ढीग येतात. आपटा कमी पडतो म्हणून कांचनाची पानं आपटा म्हणून विकली जातात. दोन्ही एकाच कुळातली, दोन्हींची पानं मधे दुभंगलेली, कुणाला फरक कळत नाही. दुसऱ्या दिवशी तीच पानं फुटपाथवर पायाखाली. मग ‘झाडं तोडू नका’ अशी आवाहनं येतात, ती बरोबरच असतात. आणि मग त्या आवाहनाला बाजार उत्तर देतो: सोनेरी मुलामा दिलेलं धातूचं आपट्याचं पान, प्लास्टिकच्या पाकिटात, वर लक्ष्मीचं चित्र. झाड वाचलं म्हणे. पण पान कुजायचं, हे कुजणार नाही. कुंडीत टाकता येत नाही, सोनं नाही म्हणून मोडता येत नाही, आणि लक्ष्मी आहे म्हणून फेकताही येत नाही. आमच्या देवघरात अशी सात आहेत.

आता हॅम्परकडे येऊ. गेल्या दिवाळीत आमच्या कंपनीनं (नाव नको, कारण यात तिचं वेगळेपण काहीच नाही) प्रत्येकाला एक ‘इको-फ्रेंडली’ पेटी दिली. समीक्षक जसा पुस्तक वाचतो, तशी मी ती वाचली. मुखपृष्ठ: जाड पुठ्ठ्याची, चुंबकानं बंद होणारी पेटी, वर मातकट रंगाचा कागद. हा रंग आता स्वतःच एक विधान झालाय. कागद तपकिरी असला की आपण निसर्गाजवळ आहोत असं मानायचं. मात्र या कागदाला हात लावला तर तो गुळगुळीत लागतो, कारण त्यावर प्लास्टिकचा पातळ थर आहे. पुठ्ठा, कागद, थर, चुंबक, गोंद, पाच गोष्टी अशा चिकटलेल्या की वेगळ्या करता येत नाहीत. आत बांबूचा टूथब्रश (दांडी बांबूची, केस नायलॉनचे), स्टीलचा स्ट्रॉ, सोया मेणाची मेणबत्ती काचेच्या बरणीत, भाजलेल्या मखान्यांचं चकचकीत पाकीट, तुळशीच्या बिया घातलेलं शुभेच्छापत्र आणि कापडी पिशवी. सगळ्याच्या खाली कागदाचा भुसा, वस्तू कमी आहेत हे दिसू नये म्हणून.

प्रत्येक वस्तूवर स्वतंत्रपणे वाद घालता येईल, आणि या विषयावरचं बहुतेक लिखाण तिथेच थांबतं. कापडी पिशवीचंच बघा. डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेच्या 2018च्या अहवालात सुती पिशवी साध्या प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला यायला किती वेळा वापरावी लागते याचा हिशोब आहे. सगळे पर्यावरणीय निकष धरले तर 7,100 वेळा. हा आकडा व्हॉट्सॲपवर खूप फिरला, ‘बघा, प्लास्टिकच बरं’ म्हणून. पण त्याच अहवालात फक्त हवामानबदलाचा निकष धरला तर आकडा 52 आहे. 7,100 हा सगळ्यात वाईट निघालेल्या एका निकषाचा आकडा, ओझोनच्या थराचा. म्हणजे वर्षभर आठवड्यातून एकदा भाजीला नेली तर, निदान हवामानाच्या हिशोबात, पिशवी बरोबरीला येते. अट एवढीच, की ती एकच पिशवी असावी. माझ्या कपाटात नऊ आहेत, सगळ्या भेट आलेल्या. एक भाजीला जाते, आठ तिची वाट बघत बसतात.

वस्तू कशाची आहे याची चर्चा होते, कितवी आहे याची होत नाही. हॅम्पर हा प्रकारच असा की त्यात वस्तूला दुसरी, तिसरी, सहावी सोबत लागते. एकटा टूथब्रश कुणी पेटीत घालून देणार नाही. 1 जुलै 2022 पासून देशात एकदाच वापरायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली, त्या यादीत मिठाईच्या डब्यावर गुंडाळायची प्लास्टिकची फिल्मसुद्धा आहे. सरकारी यादीत मिठाईचा डबा यावा, इतका आपल्या सणांचा कचरा ठळक आहे. फिल्म गेली. डब्याला चुंबक आला.

मग कंपन्या सरळ पैसेच का देत नाहीत? इथे कौत्सापेक्षा आयकर खातं जास्त कामाला येतं. कित्येक वर्षं नियम असा होता की वर्षाला 5,000 रुपयांच्या आतली वस्तुरूप भेट कर्मचाऱ्याला करमुक्त, रोख दिली तर पूर्ण करपात्र. वस्तूची भेट आणि पैशाची भेट यांत कायद्यानंच भिंत घातली. आपल्या घरात येणाऱ्या अर्ध्या मेणबत्त्या या भिंतीच्या पायाशी तयार झाल्यात, असं मला कधीकधी वाटतं.

जोएल वॉल्डफोगल नावाच्या अर्थतज्ज्ञानं 1993मध्ये नाताळच्या भेटींवर एक निबंध लिहिला होता. येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना त्यानं विचारलं, तुम्हाला मिळालेल्या भेटींवर देणाऱ्यांनी अंदाजे किती खर्च केला, आणि तुमच्या लेखी त्यांची किंमत किती? दोन्हींतल्या तफावतीवरून त्यानं निष्कर्ष काढला की भेटीच्या मूल्यातला 10 टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंतचा भाग देण्याघेण्यातच नष्ट होतो. पुढे त्याचं त्यानं पुस्तकही केलं. आमच्या पिढीच्या इंजिनिअरांना हा निबंध फार आवडतो, कारण त्यात भावनांचा आकडा निघतो. खरं तर निघत नाही. किंमत सांगताना भावनिक मूल्य बाजूला ठेवा, असं त्यानं विद्यार्थ्यांना सांगितलं होतं. म्हणजे साखर काढून ठेवायची आणि मग लाडू अगोड लागला म्हणून नोंद करायची. तरीही ऑफिसच्या पेटीपुरता मी वॉल्डफोगलच्या बाजूनं आहे, कारण तिथे बाजूला ठेवण्यासारखं भावनिक मूल्य मुळातच नसतं.

आजीच्या आहेराच्या वहीपुढे मात्र तो टिकत नाही. आमच्याकडे आत्याच्या लग्नातली वही अजून आहे. लांबट, लाल कापडी बांधणीची. डावीकडे नाव आणि गाव, उजवीकडे 11 रुपये, 21 रुपये, ‘स्टील पेला 1’, ‘ब्लाऊजपीस’, ‘पातेलं व झाकण’. ती वही प्रेमाची नाही, उधारीची आहे. कुणाकडे कार्य निघालं की आजी ती उघडायची आणि त्यांनी दिलं होतं त्याच्या थोडं वर काढायची. एका घरात लग्न निघालं की गावानं थोडं थोडं उचलायचं, अशी ती बिनव्याजी भिशी होती. आता पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ छापतात. कचऱ्याच्या दृष्टीनं उत्तमच. पण ही ओळ कोण छापू शकतं तेही बघायला हवं. हॉलचं भाडं आधीच भरून झालेल्यांच्या पत्रिकेवर ती असते. ज्यांना त्या पाकिटांतून आचाऱ्याचे पैसे द्यायचे असतात, त्यांना ती छापणं परवडत नाही.

आणि त्या वहीतल्या पेल्यावर नाव कोरलेलं असायचं. देणाऱ्याचं नाव, तारीख, कधी ‘सप्रेम भेट’. भांड्याच्या दुकानातच मशीनवर टरटर करत कोरून मिळायचं. आम्ही लहानपणी त्याला हसायचो. नाव कोरलेला पेला पुढे ढकलता येत नाही. तो वापरावाच लागतो, आणि पाणी पिताना पोरं विचारतात, हे कोण? देणाऱ्याला वस्तूची जबाबदारी कायमची चिकटवून टाकणारी ही युक्ती आहे. बियांच्या शुभेच्छापत्रावर कंपनीचा लोगो असतो, पण ते पत्र तर मातीत पुरायचं.

ब्लाऊजपीसचं गणित उलटं. तो फिरायचाच. ओटीत आलेला खण कपाटात जायचा आणि पुढच्या हळदीकुंकवाला दुसरीच्या ओटीत निघायचा. पन्ह्याला कमी, रंगाला कच्चा, शिवायला कुणी घेणार नाही, हे सगळ्यांना माहीत. कुणी फसवलं गेलं नाही. मालिनोवस्कीनं 1922मध्ये ट्रोब्रिआंड बेटांवरच्या शिंपल्यांच्या हारांबद्दल लिहिलं, ते एका बेटावरून दुसऱ्यावर फिरतच राहतात, आणि हार कुणी घालावा हा त्याचा मुद्दाच नसतो. त्याला आमच्या गल्लीतलं हळदीकुंकू दाखवायला हवं होतं. सोनपापडीच्या डब्यावर दर दिवाळीला विनोद होतात, तोही असाच फिरतो: स्वस्त, टिकाऊ, फ्रिज नको. फरक इतकाच की सोनपापडी फिरवताना आपण ती फिरवत नाही असं नाटक करावं लागतं. ब्लाऊजपीसला नाटक नव्हतं. शिवाय सोनपापडीवर तारीख असते. शेवटी एक घर असतं जिथे ती संपते किंवा शिळी होते.

ते घर कुणाचं, हा या सगळ्यातला माझा खरा प्रश्न.

मार्सेल मोसचा भेटवस्तूंवरचा प्रसिद्ध निबंध 1925चा. त्यात तो म्हणतो की दिलेल्या वस्तूत देणाऱ्याचा काही अंश राहतो, म्हणून ती परतफेड मागते. अनुशासनपर्वातल्या दानधर्माचाही तो आधार घेतो. पुढे ग्लोरिया गुडविन रहेजा या अभ्यासिकेनं उत्तर प्रदेशातल्या एका गावात राहून ‘द पॉयझन इन द गिफ्ट’ हे पुस्तक लिहिलं, 1988चं. तिचं निरीक्षण मोसला छेद देणारं आहे. दानात एक अशी जात असते जी परत यायलाच नको असते, कारण तिच्याबरोबर देणाऱ्याचं अशुभ घेणाऱ्याकडे जातं. दान म्हणजे पाठवणी. आपल्याला हे समजायला उत्तर प्रदेशात जायची गरज नाही. ग्रहण सुटल्यावर ‘दे दान, सुटे गिऱ्हाण’ अशी हाळी यायची, आणि ती देत फिरणारे गावाच्या कोणत्या बाजूला राहायचे, हे वेगळं सांगायला नको.

आमच्या सोसायटीत भाऊबीज झाली की आठवडाभर एक दृश्य दिसतं. पोळ्या करायला येणाऱ्या मावशी संध्याकाळी परत जाताना त्यांच्या हातात दोन-तीन तपकिरी पेट्या असतात. घराघरातून ‘मावशी, हे घेऊन जा, नवीन आहे, उघडलेलंही नाही.’ गेल्या वर्षी आमच्याकडच्या मावशींना पाच घरांतून मिळून चार मेणबत्त्या आणि तीन स्टीलचे स्ट्रॉ आले होते. आमच्या ओट्यावर पेटी ठेवून त्यांनी मला विचारलं, “दादा, ही नळी कशाची असते?” मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग राहू द्या. ती बरणी रिकामी झाली की ठेवा माझ्यासाठी.” मेणबत्ती नको होती, बरणी हवी होती. झाकण घट्ट होतं बरणीचं. त्यांनी कौत्सासारखं नेमकं मोजून मागितलं. पण कौत्साला नाही म्हणता येत होतं. पाच घरची पोळी ज्यांच्यावर अवलंबून आहे, त्यांना पाचही घरांत ‘नको’ म्हणता येत नाही. त्यामुळे उरलेला ढीग बसमधून त्यांच्या घरी जातो आणि आपल्याकडे कचरा झालाच नाही, अशी नोंद होते. पुण्यात कचरावेचकांची संघटना 1993पासून आहे, ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था दारोदार कचरा गोळा करते. सुका कचरा विकून त्यातले काही पैसे मिळतात. साधा पुठ्ठा विकला जातो. चुंबकाच्या पेटीचं काय करायचं असं मी आमच्याकडे येणाऱ्या ताईंना विचारलं, तर त्यांनी ती उलटी करून पाहिली, नखानं थर खरवडला आणि ओल्या-सुक्याच्या मधे खाली ठेवली.

मला विचाराल तर कमी कचऱ्याच्या भेटीचा सगळ्यात पक्का नमुना कोणत्याही हॅम्परमध्ये नाही, फराळाच्या ताटात आहे. शेजारच्या काकू विणलेल्या रुमालाखाली ताट पाठवतात. स्टीलचं ताट, त्यात चार वाट्या, चिवडा, चकली, दोन लाडू, करंजी. ताट त्यांचं आहे हे दोघांना माहीत असतं, म्हणून पॅकिंगचा प्रश्नच येत नाही. आणि भांडं रिकामं परत द्यायचं नाही, निदान साखर तरी घालायची. म्हणजे भांडं परत जाणार याची हमी, आणि परत जाताना नवं देणं सुरू. आम्ही दोन सर्व्हरमधला संवाद नीट चालावा म्हणून पोच पाठवायचे जे नियम लिहितो, त्यात आणि या साखरेत मला फारसा फरक दिसत नाही. यात एक त्रास आहे, आणि तो मान्य करायला हवा: हे सगळं स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बायकांच्या कष्टावर चालत आलंय. चकलीचा सोऱ्या कुणाच्या हातात होता, हे न विचारता ताटाचं कौतुक करणं सोपं आहे. मी गेली तीन वर्षं शेवेचा सोऱ्या फिरवतोय, तरी भाजणीचं प्रमाण अजून आईलाच विचारावं लागतं.

साहित्यिक वेबझिनमध्ये लिहितोय तर एक पक्षपाती नोंदही करतो. का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक 1909मध्ये काढला, तेव्हापासून आपल्याकडे सणाला वाचायची वस्तू आहे. वाचनालयं या अंकांसाठी वेगळी वर्गणी घेतात आणि मग एकच अंक पुढचे कित्येक महिने घरोघर फिरतो, कडा दुमडत, चहाचे डाग घेत. शब्दकोडं मात्र पहिल्यानंच सोडवलेलं असतं, ते एक वाईट.

यंदा ऑफिसात भेट ठरवायच्या गटात मी आहे. मी शीटमध्ये तीन ओळी टाकल्या. पेटी नको. ज्याला जे हवं ते एकच, आधी विचारून, आणि ‘काहीच नको’ हाही पर्याय. तिसरी ओळ: हाऊसकीपिंग आणि सिक्युरिटीच्या लोकांना एजन्सीकडून काय मिळतं ते विचारावं, आणि त्यांना वस्तू न देता पगाराबरोबर रक्कम द्यावी. पहिल्या ओळीवर एकानं लिहिलंय की मग फोटोत काय दाखवायचं. दुसरीवर सतरा थम्सअप आहेत. तिसऱ्या ओळीवर फायनान्सची कॉमेंट आहे, की ते लोक आपल्या पेरोलवर नाहीत, त्यामुळे ‘राहिलेले हॅम्पर त्यांना देता येतील’.

मीटिंग गुरुवारी आहे. एजन्सीचा करार मागवून घेतलाय, त्यात बोनसचं कलम पान नऊवर आहे.